कुशच्या राजांची नावं

आमच्या मोहाडीच्या घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी माग थांबवावा लागे. पुढच्या खोलीत माग, त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले बाबूजी, आणि सकाळपासून साऱ्या घरात भरलेली आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची खटखट. त्या आवाजावर आवाज चढवून डाळीत मीठ कमी आहे एवढं सांगता येई, त्याहून जास्त काही नाही. म्हणून माग अवेळी थांबला की माय चुलीपुढून आणि मी मागच्या ओट्यावरून, दोघी एकदम मान वर करायचो. कुणी आलं का? काही झालं का? बीएच्या शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा आठवला की मला आधी ही शांतताच आठवते. त्या महिना-सव्वा महिन्यात आमचा माग जितक्या वेळा मधेच थांबला, तितका पुढे कधी थांबला नाही.

बाबूजी करवतकाठी पातळं विणायचे. अंगाचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे. करवतीच्या दातांसारखी काठाची टोकं अंगात अडकवत न्यायची, तर एका माणसाचे हात पुरत नाहीत. पलीकडच्या काठावर आधी माय बसायची, मी दहावी झाल्यापासून बहुतेक मीच. सकाळी भात रांधून, कांड्यांवर सूत भरून, तासभर काठावर बसून मग मी भंडाऱ्याची बस धरायचे. डब्यात भात आणि लाखोळीची डाळ, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, आणि माय खुशीत असली तर सुक्या झिंग्यांची चटणी. तो डबा बसमध्ये उघडला की अर्धी बस वळून पाही, म्हणून मी कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसूनच खायचे. मुलीला कॉलेजात घालण्यावरून काकाजी, म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ, वर्षभर कुरकुरत होते. बाबूजी त्यांना एकच उत्तर द्यायचे, ‘शिकून राहिली तं शिकू दे ना गा. तुह्या घरचं तेल जळून राहिलं काय?’ माझ्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला वाद म्हणायचा तर एवढाच. त्यांच्या दृष्टीनं तेवढा पुष्कळ होता.

‘जगातील प्राचीन संस्कृती’ हा विषय मी काही निवडला नव्हता. समाजशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनानं मला न विचारताच फॉर्मवर तो लिहून टाकला. वर्गात आम्ही सात जण. शिकवायला मेश्राम सर. उंच, किडकिडीत, कायम एक काळी पिशवी खांद्याला. पहिल्याच तासाला त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा टांगला आणि विचारलं, इजिप्त कोणत्या खंडात आहे? सातांपैकी पाच जणांनी आशिया सांगितलं. त्या पाचांत मीही होते. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘तुमची चूक नाही. गाईडात इजिप्तला ढीगभर पानं आहेत आणि उरलेल्या आफ्रिकेला दीड. इजिप्त उचलून वेगळं ठेवून दिलं आहे.’ मग पिशवीतून त्यांनी वह्यांचा गठ्ठा काढला. मराठीत वाचायला काही मिळत नाही म्हणून इंग्रजी पुस्तकं मागवून, वाचून, त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलेल्या त्या वह्या होत्या. त्यातून ते आम्हाला शिकवत. इजिप्तच्या दक्षिणेला, नाइलच्याच काठी, कुश नावाचं राज्य होतं. तिथले राजे उत्तरेला चालून गेले आणि साऱ्या इजिप्तचे फेरो झाले. मेरोए नावाचं त्यांचं शहर होतं, तिथे लोखंड गाळत. त्या भट्ट्यांच्या राखेचे ढिगारे अजून उभे आहेत. तिथे राण्या राज्य करत, त्यांना कंदाके म्हणत. अक्सुमचे दगडी खांब, झिम्बाब्वेच्या चुन्याशिवाय रचलेल्या भिंती. मी ऐकत राहायचे. बसमध्ये, मागाच्या काठावर, चुलीपुढे मला तीच नावं सुचायची. माणसाला एखाद्या गोष्टीची ओढ का लागते, हे मला या वयातही सांगता येणार नाही. एवढंच म्हणते की मला लागली.

एकदा सर आम्हा सातांना आंबागडला घेऊन गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी गुरं चारणारा एक म्हातारा भेटला, तोच वाट दाखवत वर आला. त्याला मी विचारलं, हा किल्ला कुणी बांधला? तो म्हणाला, ‘देवाईनं बांधला. आपल्यासारख्या मानसाईच्यानं होते काय?’ सर त्याच्यासमोर काही बोलले नाहीत. तो गेल्यावर तटावर बसून म्हणाले, ‘गोंड राजांच्या काळातला किल्ला आहे. दगड वाहणारे याच गावांतले असणार, त्याचेच कुणीतरी. झिम्बाब्वेच्या भिंती पाहून गोरे लोकही असंच म्हणाले होते, हे इथल्या काळ्या माणसांचं काम नसणार, बाहेरून कुणी आलं असेल. फरक इतकाच की ते म्हणणाऱ्यांच्या हातात पुस्तकं छापणं होतं.’ त्या दिवशी मी ठरवलं की पेपरात आफ्रिकेवरचा प्रश्न आला तर मी गाईडातली दीड पानं लिहिणार नाही.

परीक्षा एप्रिलात. त्या सुमारास नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं नव्या काठाची मागणी केली होती आणि बाबूजींनी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करून तो काठ बसवला होता. फुल्या, टिंबं, दर ओळीला धाग्यांचा हिशेब. काम झाल्यावर तो कागद त्यांनी मला दिला. पाठकोरा कागद आमच्या घरात कधी वाया जात नसे. मी त्याच्या मागे कुशच्या राजांची नावं लिहिली. पियांखी, शबाका, तहारका आणि पुढची. प्रत्येकापुढे दोन-दोन शब्द. परीक्षेच्या सकाळी बसमध्ये मी तो कागद हातात धरून पाठ करत होते. वरठीचं फाटक बंद होतं. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं नाही, दुसरी आली. कंडक्टर खाली उतरून बिडी ओढत उभा. माझ्या घड्याळात पेपरला वीस मिनिटं उरली होती. फाटक उघडलं तेव्हा मी कागदाची घडी पेनाच्या डबीत कोंबली, ओळखपत्र काढून हातात धरलं, आणि स्टँडवरून कॉलेजपर्यंत पळत गेले. बाकावर बसले तेव्हा उत्तरपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि माझ्या कपाळावरचा घाम पहिल्या पानावर पडला.

तिसरा प्रश्न कुशचा होता. मी दुसरं काही न पाहता तोच आधी लिहायला घेतला. पाऊण तासानं पेनातली शाई संपली. दुसरं पेन काढायला डबी उघडली आणि घडी केलेला तो कागद समोर दिसला.

पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यात अनेकदा मनातल्या मनात पुन्हा जगले आहे. मी तेव्हाच उठून पर्यवेक्षकांना म्हणायला हवं होतं, सर, चुकून आला, घ्या. खोली शांत होती, पर्यवेक्षक खिडकीपाशी उभे होते, चार पावलांवर. पण कागद हातात घेऊन उभी राहिले तर सगळे बघतील, कुणी मानणार नाही, असं वाटलं. मी पेन काढलं आणि डबी बंद केली. कागद उघडून पाहिला नाही. पण दिलाही नाही. लिहीत राहिले. अक्षर वाकडं होत गेलेलं मलाच दिसत होतं.

तेवढ्यात भरारी पथक आलं. दोन पुरुष आणि एक बाई. बाईंनी रांगेनं डब्या उघडून पाहायला सुरुवात केली. माझ्यापर्यंत येईस्तोवर मला पुढच्या मुलीची वेणीसुद्धा नीट दिसेना. त्यांनी डबी उघडली, घडी उलगडली, एक बाजू पाहिली, उलटून दुसरी पाहिली. ‘हे काय आहे?’

मी म्हणाले, ‘माझाच आहे.’

‘आणि ह्या खुणा? कोणती भाषा आहे ही?’

‘लुगड्याचा काठ आहे, मॅडम.’

बाईंनी पथकातल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझी उत्तरपत्रिका उचलली, त्यात तीच नावं होती. त्यांनी ती जप्त केली, कागद तिला टाचला, माझी सही घेतली आणि नियमाप्रमाणे माझ्यापुढे दुसरी कोरी उत्तरपत्रिका ठेवली. ‘राहिलेल्या वेळात लिहायचं तर लिहा.’ घड्याळात पावणेदोन तास उरले होते. माझ्या मागे कुणीतरी हसलं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कुणावर हे कळत नव्हतं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून कुश लिहायला घेतला. सरांच्या वहीतलं जे जे आठवलं ते सगळं लिहिलं, त्या कागदावर नव्हतं तेही लिहिलं. घंटा झाली तेव्हा बोटं पेनावरून सुटत नव्हती.

घरी मी काही सांगितलं नाही. ‘गेला का वं पेपर?’ मायनं विचारलं. ‘गेला,’ म्हटलं. राहिलेले दोन पेपर दिले आणि काठावर बसू लागले. तीन आठवड्यांनी दुपारी पोस्टमन आला, रजिस्टर पत्र होतं, सही बाबूजींनी केली. माग थांबला. मी चुलीपाशी झिंगे भाजत होते. धूर डोळ्यात जात असूनही मी तिथून हलले नाही. बाबूजी सातवी शिकलेले, वाचायला त्यांना वेळ लागायचा. मायनं दोनदा विचारलं, कोनाचं पत्र हाये? मग दारात येऊन त्यांनी मला विचारलं, ‘हे खरं हाये काय?’

‘कागद माझ्याजवळ होता. पाहून लिहिलं नाही.’

‘कागद कायले होता?’

‘बसमध्ये वाचून राहिली होती. डबीत राहून गेला.’

ते परत मागावर जाऊन बसले. धोटा हातात घेतला, पण टाकला नाही. कागद परीक्षेआधी मला बाबूजींनीच दिलेला, त्यांच्याच काठाचा, हे त्यांना पत्रावरून समजलेलं नव्हतं. ते मी संध्याकाळी सांगितलं. त्यावर त्यांचा जो चेहरा झाला तो मला पुढे कितीतरी दिवस दिसायचा.

बातमी लपून राहते कुठे? आठवड्यात मोहल्ल्यात झालं, कॉपी करताना धरली. हातपंपावर बाया माझ्यासाठी जागा करून देऊ लागल्या, म्हणजे गप्प होऊन बाजूला सरू लागल्या. काकाजींनी माझ्यासाठी तुमसरकडचं एक स्थळ आणलं होतं, ते आपोआपच थंडावलं. पत्रात लिहिलं होतं, विद्यापीठात चौकशी समितीपुढे पालकासह हजर राहावं. दोषी ठरल्यास सारी परीक्षा रद्द, आणि पुढच्या काही परीक्षांना बसता येणार नाही. काकाजी म्हणाले, ‘त्या मास्तरानं डोक्शात हबशी राजे भरून देल्ले, त्याचं हे फळ.’ पण उपायही त्यांनीच काढला. तो त्यांनी फार विचार करून आणला होता, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. ‘कागदाच्या एका बाजूनं काठ हाये ना? मंग मांगं हायेत ते काठाईचेच नाव हायेत म्हनून सांगजो. पियांखी काठ, शबाका काठ. साहेबाईले काय समजते त्यातलं? दादा सांगन, मी विणकर हावो, हे आमचे नमुने हायेत. मिटलं.’

दादा म्हणजे बाबूजी. मी त्यांच्याकडे पाहिलं. कापडाच्या बाबतीत त्यांनी कधी खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. एक धागा तुटला असला तरी ते व्यापाऱ्याला आधीच बोट ठेवून दाखवायचे. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, ‘तसंच सांगू. पोरीचं साल वाचलं पायजे.’ मायनं पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मला वाटलं, मी काही वाईट केलं असेल तर ते हेच. त्यांच्या तोंडी हे आणलं.

चौकशीच्या दोन दिवस आधी मेश्राम सर घरी आले. बसनं आले होते, उन्हात चालत. मायनं त्यांना पाणी दिलं, मग आग्रहानं जेवायला वाढलं. त्यांनी डाळ-भात कालवत सांगितलं की प्राचार्यांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. पेपरात येणारे प्रश्न तुम्ही मुलांना आधीच सांगितले होते का, असं त्यात विचारलं होतं. मी विचारलं, आता काय होईल? ‘माझं काय व्हायचं,’ सर म्हणाले. ‘विषयाला मुलं नाहीतच, बंद करायला त्यांना निमित्त पाहिजे.’ मी त्यांना काकाजींचा उपाय सांगितला. ते घास हातात धरून थांबले. मला वाटलं, आता मला रागावतील, खरं बोलायला सांगतील. ते म्हणाले, ‘तू काय सांगायचं ते मी सांगणार नाही. शिक्षा तुला होणार आहे, मला नाही.’ जाताना उंबऱ्यापाशी बूट घालत, जणू वर्गातच आहेत अशा आवाजात म्हणाले, ‘कुशचे राजे इजिप्तमधून गेल्यावर मागाहून आलेल्यांनी त्यांची नावं दगडांवरून छिन्नीनं खरवडून काढली होती. हे तुम्हाला शिकवायचं राहून गेलं.’ त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सहज, हे मी त्यांना पुढे कधीच विचारलं नाही. मुद्दामच असणार, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

नागपूरला समितीच्या खोलीबाहेर लाकडी बाकावर आम्ही तीन तास बसलो. एकेक पोरगा आत जाई आणि खाली मान घालून बाहेर येई. बाबूजी धुतलेलं धोतर नेसले होते, डोक्यावर टोपी होती, आणि ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. जवळ सरकून ऐकलं तर ते म्हणत होते, पियांखी, शबाका, तहारका. पाठ करत होते.

आत लांब टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष वयस्क, चष्मा कपाळावर. त्यांनी टाचलेला कागद सोडवून टेबलावर पसरला, आणि बाजूच्या गोऱ्या, जाड गृहस्थांनी वाकून पाहिलं. ‘अरे, हा तर साडीचा ग्राफ आहे,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे विणकर येतात, मी पाहिले आहेत.’ त्यांनी बाबूजींकडे पाहिलं. ‘तुम्ही विणकर का?’

‘हाव साहेब.’

‘हा कागद तुमचा?’

‘माह्याच हातचा हाये.’

त्यांनी कागद उलटला. ‘आणि ही मागची नावं? डिझाइनची नावं आहेत का?’

आम्ही सांगायच्या आधी तेच म्हणाले. दार आपणहून उघडलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. बाबूजींनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज फुटायच्या आत मीच बोलले.

‘नाही साहेब. ते राजे आहेत.’

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बाबूजींनी पाहिलं नाही.

‘कुश देशाचे राजे आहेत. मी बसमध्ये पाठ करत होते. पाहून लिहिलं नाही, कागद डबीत राहिला.’

तिसरे, आतापर्यंत गप्प असलेले सदस्य म्हणाले, ‘सगळे असंच म्हणतात. राहिला.’ अध्यक्षांनी कागद उपडा घातला. ‘पाहून लिहिलं नाही म्हणता, तर आत्ता सांगा.’

मी सांगू लागले. कुशची जुनी राजधानी नपाटा कुठे होती, पियांखी उत्तरेला कसा गेला, मेरोएच्या भट्ट्या, कंदाके. तिसऱ्या सदस्यांनी मधे दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही आणि मी येत नाही म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी माझ्या दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि ते मी बोलत असताना एकदा इकडे, एकदा तिकडे बोट फिरवत होते. शेवटी जाड गृहस्थांना म्हणाले, ‘हे पाहा. दुसरी लिहिली तेव्हा कागद जप्त झालेला होता. आणि दुसरीत पहिल्यापेक्षा जास्त आहे.’

मला तेव्हा सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. अध्यक्षांनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता, उपचार म्हणून विचारलं, ‘म्हणजे कागद डबीत आहे हे तुम्हाला पथक येईपर्यंत माहीतच नव्हतं.’

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, सरांनाही नाही. ‘माहीत होतं साहेब,’ मी म्हणाले. ‘पथक येण्याआधी पंधरा मिनिटं दिसला होता. द्यायची हिंमत झाली नाही.’

पेन थांबलं. जाड गृहस्थ खुर्चीत मागे रेलले. अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. ‘बाहेर बसा,’ ते म्हणाले.

अर्ध्या तासानं शिपायानं निकालाचा कागद आणून दिला. कॉपी सिद्ध होत नाही. पण माहीत असून कागद जवळ ठेवला, म्हणून तेवढा एक पेपर रद्द. बाकी पेपर कायम. हिवाळ्यात पुन्हा बसता येईल. मी तो पेपर हिवाळ्यात दिला आणि पास झाले. सरांच्या खुलाशावर पुढे काही निघालं नाही, पण विषय त्या वर्षीच बंद झाला. भंडाऱ्यात तो पेपर देणारी मी शेवटची. सर पुढे दुसऱ्या गावी बदलून गेले. मी इतिहासाची शिक्षिका झाले, लाखांदूरला तेवीस वर्षं शिकवलं. आज माझी नात मोबाईलवर बोट फिरवते आणि मेरोएच्या पिरॅमिडांचे रंगीत फोटो मला दाखवते, वाळूत उभे, निमुळते, टोकं तुटलेली. मी ते तिच्याकडूनच पहिल्यांदा पाहिले. शिकवताना सरांजवळही एक फोटो नव्हता.

नागपूरला निकाल कळल्यावर बाबूजी सरळ स्टँडकडे चालू लागले होते. स्टँडवर त्यांनी दोघांसाठी चहा घेतला, मोहाडीवरून जाणाऱ्या तुमसरच्या गाडीत मला खिडकी दिली. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. त्यांनी माझ्यासाठी खोटं पाठ केलं होतं आणि मी ते त्यांच्या तोंडातून काढून टाकलं होतं, तेही परक्या साहेबांसमोर. भंडाऱ्यात गाडी भरली, पाय ठेवायला जागा उरली नाही. कोथिंबिरीची टोपली मांडीवर घेतलेली एक म्हातारी बाबूजींना खेटून बसली. गाडी सुटली तसं त्यांनी पुढे पाहतच विचारलं, ‘ते पंधरा मिनटाचं काहून सांगतलं?’

‘विचारलं त्यांनी.’

‘म्या तं विचारलं नोतं. तरी घरी सांगाले पायजे होतं तुनं.’

‘हो.’

वरठीचं फाटक आलं. मग ते म्हणाले, ‘तिथी कापड विणत होते काय वं लोक? त्या मेरोईत?’

मी त्यांच्याकडे वळले. सरांच्या वहीत एका पानावर त्याबद्दल चार ओळी होत्या, परीक्षेत कधी न येणाऱ्या. ‘विणत होते,’ मी म्हणाले. ‘कापूस पिकवायचे. सूतकताईच्या चात्यांची मातीची वजनं सापडली आहेत, मागाची वजनंसुद्धा.’

‘वजन कायले मागाले?’

‘त्यांचा माग उभा असायचा. ताण्याचे धागे खाली लोंबायचे, ते ताठ राहायला वजनं बांधत.’

बाबूजींनी डोळे मिटले. उभा माग त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते तो मनात उभा करत असावेत, कारण मांडीवरची बोटं हलत होती. ‘मंग मानूस उभा राहून विणते,’ ते म्हणाले. ‘कंबर जात असन त्याची.’ आणि मग, वरठीपासून मोहाडीपर्यंत, ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. लोखंड कसं गाळत, राणी लढाईला जाई काय, पाऊस पडतो का तिथे, धान होते का. राजांची नावं तर त्यांना पाठच होती. मी पुढचं सांगितलं की ते मान हलवत, अमका त्याच्यानंतरचा ना?

टोपलीवाली म्हातारी इतका वेळ कान देऊन ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ‘कोनत्या गावचे राजे व्हय बाप्पा हे?’ तिनं विचारलं. ‘तुमच्या वळखीचे हायेत काय?’

बाबूजींनी टोपी सारखी केली.

‘माह्या पोरीच्या वळखीचे हायेत,’ ते म्हणाले.